माझ्या आकड्यावर आकडा

वाटूरच्या चतुराबाईच्या शेडमध्ये रेशमाच्या अळ्या कात टाकायला बसल्या होत्या. माना वर, अंग गप्प, तुतीच्या पानाला तोंड नाही. अशा वेळी शेड कोरडीठाक लागते. म्हणून सकाळीच तिनं लेकराला पावडर लावावी तशा हलक्या हातानं चुना भुरभुरला. आणि हात झटकते न झटकते तोच डोक्यावरचा फॉगर फुस्स करून धुकं सोडू लागला.

फॉगर, पंखे, सारं कोपऱ्यातल्या डबीएवढ्या कॉम्प्युटरवर चाले. तिच्या बहिणीच्या लेकानं, कल्याणनं, जालन्यात दोस्तांसंगं रेशीमशेडसाठी खास लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, बांधलं होतं. त्यात मराठीत एकच फाइल: ताप, ओल, पंखा. पुढं आकडा लिहायचा, झालं. चौथी शिकलेल्या चतुराबाईला ती चुलीसारखी वाटे; जाळ किती घालायचा ते आपल्या हातात. कालच नवं अपडेट आलं होतं. शेड आता आपोआप सांभाळली जाईल, बिनघोर राहा, असा निरोप होता.

ओलीपुढं मशीननं लिहिलेले पंच्याऐंशी खोडून तिनं साठ लिहिले. पाच मिनिटांत पुन्हा पंच्याऐंशी. पुन्हा साठ, पुन्हा पंच्याऐंशी. दारातली रांगोळी कुणी पायानं पुसावी आणि वर हसून बिनघोर राहा म्हणावं, तसं झालं. तिनं वायरच उपटली. पंखेही थांबले. पडदे गुंडाळून ती दिवसभर सुपानं वारा घालत राहिली. खालच्या रॅकवरच्या अळ्या मात्र उठल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याण आला. तिनं त्या मेलेल्या अळ्या कागदावर त्याच्यापुढं ठेवल्या. मशीन सगळ्यांच्या शेडमधल्या आकड्यांवरून शिकतं, असं तो सांगू लागला.

"शिकू दे की. पण माझ्या आकड्यावर आकडा लिहितंय कशाला? अळ्या झोपल्या का जाग्या, ते दिसून राह्यलं का त्याला?"

मग आपोआपचं सगळंच काढून टाकतो, तो पडेल आवाजात म्हणाला.

"तसं कुठं म्हणलं मी? मी रानात असले तर करू दे. पण माझा आकडा दिसला की हात मागं. वेगळं वाटलं तर खाली लिहून विचार म्हणावं."

पालथ्या क्रेटवर बसून कल्याणनं दुपारपर्यंत दुरुस्ती केली. चतुराबाईनं साठ लिहिले. दोघं बघत राहिले. साठचे साठच राहिले. खाली एक ओळ उमटली: ओल कमी वाटते, वाढवू का? तिनं लिहिलं, न्हाई.

कल्याणनं सुस्कारा सोडला. जाफराबादच्या गोपिकाबाईच्या अळ्या उद्या बसणार होत्या. तिच्या मशीनला ही दुरुस्ती इथूनच पाठवतो, आपोआप जाईल, म्हणत त्यानं बटणावर बोट नेलं.

चतुराबाईनं त्याचं मनगट धरलं. "आधी तिला फोन लाव. विचार."

गोपिकाबाईनं फोनवर त्याला बरंच खोदून विचारलं. तवर इकडं चहाला आधण आलं.