हशाखालचे सूर

“पुन्हा म्हणा,” म्हातारा व्हायोलिनवाला म्हणाला. “आणि या वेळी जरा कमी घाबरा.”

मी पुन्हा गुणगुणलो. सुरुवातीचे सूर बरे निघाले, पुढे घसा बसला आणि शेवट आलाच नाही.

“ही रॉकेलवाल्याची हाळी आहे,” शेजारचा अ‍ॅकॉर्डियनवाला म्हणाला. “उस्ता, तुम्ही लिफ्ट दुरुस्त करायचात म्हणालात ना? लिफ्ट अडकली की असाच आवाज येतो.”

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. तो खोटे बोलत नव्हता.

कैरोतल्या मोहम्मद अली रस्त्यावर, त्या कहवाखान्यात लग्नांत वाजवणारे लोक दुपारी कामाची वाट बघत बसतात. मी तिथे कधी गेलो नव्हतो. माझे आयुष्य शुब्रा मोहल्ल्यात आणि दुसऱ्यांच्या लिफ्टच्या खड्ड्यांत गेले; कारागीर म्हणून सगळे मला उस्ता म्हणतात. व्हायोलिनवाल्याचे नाव बिशारा. तो तरुणपणी सिनेमांचे संगीत वाजवायचा, असे मला आमच्या न्हाव्याने सांगितले होते. अ‍ॅकॉर्डियनवाला शहाता हा त्याचा जुना जोडीदार.

“सिनेमा कुठला?” बिशाराने विचारले.

“माहीत नाही. पाहिला नाही. फक्त ऐकलाय.”

“सिनेमा ऐकलाय,” शहाता म्हणाला. “आणि जेवण काय, हुंगता?”

मग मला सगळे सांगावे लागले.

आमच्या घरामागे उन्हाळी सिनेमा होता, उघड्या आकाशाखालचा. आमची गच्ची नेमकी पडद्याच्या पाठीमागे यायची. चित्र दिसायचे नाही. बोलणे समोरच्या भिंतीला थडकून फुटायचे, शब्द लागायचे नाहीत. संगीत मात्र स्वच्छ यायचे. मी आणि माझी बायको जेवण झाले की चटई टाकून बसायचो. गाणे लागले की ती उठून चहा टाकायला जायची. गाणी काय, रेडिओवर लागतातच, म्हणायची. गाणे संपून नुसती वाद्ये सुरू झाली की धावत परत यायची.

“कोणीतरी मेलं,” मी म्हणायचो.

“मेल्यावर व्हायोलिनं एवढी घाई करतात का? पळून चाललंय कोणीतरी. आणि गप्प बसा, बासरी येतेय.”

मी एकदा तिकिटे काढून आणली होती. ती आली नाही. “आत जाऊन बघितलं की तेवढंच उरतं,” म्हणाली. ती तिकिटे मी तिच्या भावाला देऊन टाकली.

एका उन्हाळ्यात एक सिनेमा बरेच दिवस चालला. त्यात एक तुकडा होता, एकट्या व्हायोलिनचा. आम्ही दोघांनी मिळून ठरवले होते की हे बंदर आहे, बाई बोटीने चालली आहे आणि माणूस धक्क्यावर उभा आहे. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. तुकडा संपत आला की पलीकडे सगळे थेटर हसायचे आणि शेवटचे सूर त्या हशाखाली दबून जायचे.

“कसली माणसं ही,” ती म्हणायची. “कोणाचा संसार मोडतोय आणि हे दात काढतायत.”

जो शेवट आम्हाला कधी ऐकूच आला नाही, तो मग तिने स्वतःच करून टाकला. पुढे सिनेमा पाडला, तिथे फरशांचे दुकान झाले. हिचे गुणगुणणे चालूच राहिले. तांदूळ निवडताना, द्राक्षाच्या पानांत सारण भरताना, मुलीची वेणी घालताना. मी कधी लक्ष देऊन ऐकले असेही नाही. पंख्याचा आवाज आपण ऐकतो का?

ती गेली. रिवाजाप्रमाणे घरात टीव्ही-रेडिओ बंद राहिला, फक्त कुराणाची कॅसेट चालायची. चाळिसावा दिवस झाला आणि मुलीने पहिल्यांदा टीव्ही लावला. कुठल्याशा सिनेमात वाद्ये वाजली, आणि तिचा तो तुकडा मी मनात म्हणायला गेलो, तर शेवट जागेवर नव्हता.

“बाबा, सिनेमाचं नाव सांगा, कॅसेट आणते,” सुहैर म्हणाली.

“नाव माहीत नाही.”

“गाण्याचे शब्द?”

“शब्द नाहीतच त्याला.”

“मग मी दुकानात जाऊन मागू काय? हवा?”

तिच्या आईचा आवाज आमच्याकडे कुठल्याच कॅसेटवर नाही. फोटो आहेत. त्यांत ती तोंड मिटून बसली आहे. उरलेले अर्धेही जाईल या भीतीने मी त्याच आठवड्यात त्या कहवाखान्याचा पत्ता विचारून घेतला.

माझे सांगून झाल्यावर बिशाराने व्हायोलिनची पेटी उघडली. “मी सिनेमे वाजवलेत, पाहिले नाहीत,” तो म्हणाला. “आम्ही पडद्याकडे पाठ करून बसायचो. चित्र दिसायचं ते फक्त समोर काठी हलवणाऱ्याला. पंखेसुद्धा बंद, आवाज येतो म्हणून. तेव्हा तुम्ही काही फार वेगळं केलं नाहीत.” त्याने माझी सुरुवात व्हायोलिनवर धरली. सूर इकडे तिकडे सरकवून पाहिले. मग त्याचा हात एकदम वाट सापडल्यासारखा चालू लागला.

“अरे, हे तर गाढवाचं,” शहाता म्हणाला.

“कसलं गाढव?” मी विचारले.

“मी पाहिलाय ना हा सिनेमा. ईदेला पोरांना घेऊन गेलो होतो. त्यात एका जाड्याचं गाढव हरवतं. गल्लीगल्लीत शोधतो, थकतो, शेवटी एका ओट्यावर बसून रडतो. आणि गाढव त्याच्या मागेच उभं. त्याच्या टोपीतलं गवत खातंय.”

म्हणजे लोक त्याला हसायचे. बंदर नव्हते, बोट नव्हती. माझ्या मनात पहिले आले ते हे, की घरी जाऊन हिला सांगू. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी येईल. मी उठण्यासाठी खुर्चीच्या हातावर जोरही दिला होता. मग तसाच बसून राहिलो.

बिशाराने ते पाहिले असावे. “संगीतकाराने आम्हाला गाढव सांगितलंच नव्हतं,” तो म्हणाला. “म्हणाला, या माणसाचं जवळचं कोणी हरवलंय, तसं वाजवा. गाढव सांगितलं असतं तर या शहातासारख्यांनी गाढवासारखंच वाजवलं असतं. गच्चीवर बसून तुम्ही जे ऐकलंत, ते बरोबर ऐकलंत.”

आणि त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवले. शेवटी सूर एकेक पायरी उतरत खाली गेले आणि थांबले.

“हा नाही,” मी म्हणालो.

“हाच. मी स्वतः वाजवलाय.”

“सिनेमात असेल. आमच्या घरातला असा खाली जाऊन बसत नाही. तो उतरतो, पण मग—” मी हाताने दाखवू लागलो, आणि दाखवता दाखवता तो घशातून बाहेर आला. खाली जाता जाता एक पायरी परत चढला आणि तिथेच उभा राहिला. लिफ्ट मजल्याच्या जरा वर थांबावी तसा. माझा आवाज तेव्हाही वाईटच होता. पण तो तोच होता.

“पुन्हा,” बिशारा म्हणाला. मी पुन्हा म्हटला. त्याने तो व्हायोलिनवर घेतला, परत घेतला.

“कोणी केला हा?”

“आमच्या मंडळींनी.”

“शिकलेल्या होत्या?”

“नाही. तांदूळ निवडताना.”

शहाता काहीतरी बोलेल असे वाटले. तो फक्त पुढे सरकला. “श्वास कुठे घ्यायच्या?” त्याने विचारले.

“नेम नव्हता. खडा सापडला की.”

त्याने अ‍ॅकॉर्डियनचा पट्टा खांद्यावर चढवला. बिशारा माझ्याकडे पाहत होता. “नाव सांगा,” तो म्हणाला. “आमच्या टोळीत दुसऱ्याचा तुकडा घेतला की आधी त्याचं नाव घेतो.”

आमच्या गल्लीत बायकोचे नाव परक्या पुरुषांत घेत नाहीत. मशिदीच्या भोंग्यावरून ती गेल्याचे सांगितले तेव्हाही ‘उस्ता मुतवल्लींच्या घरचं माणूस’ एवढेच सांगितले होते, आणि ते मीच तसे लिहून दिले होते.

“इनायात,” मी म्हणालो. मग तिच्या वडिलांचे नावही लावले. “इनायात बयूमी.”

“इनायात बयूमी,” बिशाराने सगळ्या कहवाखान्याला ऐकू जाईल असे सांगितले, आणि दोघांनी वाजवले. पलीकडच्या टेबलावर फासे खेळणाऱ्यांनी एकदा मान वर केली आणि परत खेळाकडे वळले.

वाजवून झाल्यावर शहाताने विचारले, “उस्ता, त्यांचं आणखी काही आहे का?”

“नाही,” मी म्हणालो. “एवढंच.”

त्याने मान हलवली आणि भाता हळूहळू मिटून त्याचे बंद लावले.