उशिरा आलेल्या नोंदी

नरमीनचं संशोधन म्हणजे काय, तर दार उघडलं, गारवा उतरला, ट्रक हलला अशा नोंदी यंत्रांकडून येत राहतात. त्यांतून गडबड हेरायची आणि ताबडतोब बोंब ठोकायची. विद्यापीठात तिचा प्रोग्राम सेकंदाला लाखो नोंदी गिळायचा. पण सरांनी बजावलं होतं, खऱ्या धंद्यातल्या नोंदी आणल्याशिवाय प्रबंधावर सही नाही. म्हणून पोरगी आज अलेक्झांड्रियाच्या बंदरामागे, शौकत बेंच्या (बे म्हणजे तिकडचे शेठ) मासळीच्या शीतगृहात उभी होती. बे खूश झाले तर वर्षभराच्या नोंदी मिळणार, नाहीतर सगळ्या मेहनतीवर पाणी.

आणि शौकत बेंकडे पाहुणा आला म्हणजे जत्राच भरायची! हिशेबनीस, ड्रायव्हर, हमाल, झाडून सगळे वर बोलावलेले. बसबूसाची, म्हणजे रव्याच्या पाकातल्या वड्यांची, तबकं फिरत होती.

नरमीनने बेंनीच दिलेल्या गेल्या महिन्याच्या नोंदी चालवून दाखवल्या. पडदा हिरवागार!

"माशाल्ला!" बे म्हणाले. "आमचा धंदा इतका सुरळीत? अगं डॉक्टरीणबाई, गेल्या महिन्यात वाळवंटातल्या रस्त्यावर अख्खा ट्रक नासला. तो कुठाय?"

"तिथे नेटवर्क नसतं ना, बे. त्याच्या नोंदी उशिरा आल्या, त्याही उलटसुलट. तसल्या आम्ही आधीच काढून टाकतो. शुद्ध करून घेतो."

"म्हणजे आजारी माणसं हाकलायची आणि दवाखाना चालवायचा!"

खोली खदाखदा हसली. नरमीनचे कान तापले. मेली ती शुद्धता, काय व्हायचं ते होऊ दे, म्हणत तिने चाळणी काढून टाकली आणि प्रोग्राम थेट आजच्या नोंदींना जोडला.

काहीच होईना. लाखो गिळणारा प्रोग्राम एकेका नोंदीची वाट बघत बसला.

"झोपला वाटतं," हमादा ड्रायव्हर म्हणाला.

तेवढ्यात बंदराच्या रडक्या नेटवर्कमुळे रखडलेल्या नोंदी एकदम धडकल्या आणि पडदा लालभडक झाला. तीन नंबरचा ट्रक. दार उघडं, गारवा गेला, दार लावल्याची नोंदच नाही.

"कुठे मेलाय हा ट्रक?" बे ओरडले.

"खाली अंगणात," एक हमाल चाचरत म्हणाला. "माल उतरवत होतो, तर तुम्हीच वर बोलावलंत."

मग काय विचारता! तबकं उधळली, जिना दणाणला. खाली बंदरावरची यच्चयावत मांजरं ट्रकात जेवायला बसलेली. बे हातात बूट घेऊन आत घुसले, हमादाने कोळंबीची पेटी छातीशी धरली आणि आपल्या डॉक्टरीणबाई एका बोक्याशी बोय माशावरून रस्सीखेच करू लागल्या. अर्ध्याहून जास्त माल वाचला.

"ने सगळ्या नोंदी!" धापा टाकत, बूट तसाच हातात धरून बे म्हणाले. "पण एकसुद्धा टाकलीस तर याद राख. उशिराच्या तर मुळीच टाकायच्या नाहीत."

नरमीनने तिथूनच सरांना फोन लावला. "सर, मिळाल्या नोंदी!"

"वा! शुद्ध आहेत ना?"

"छे हो! शुद्ध करायला गेले तर काही उरणार नाही. सर, प्रबंध पहिल्या पानापासून नवा लिहावा लागणार!"

पलीकडे सर "अगं, पण!" करत राहिले. इकडे हिला हसू आवरेना.