नदीआडचा पत्रा

साहेब, तुम्ही नदी चोरलीत आणि चोरीचा माल झाकायला मला उभे केलेत. तुमचे नाव मला ठाऊक नाही. ठाऊक असून उपयोगही नाही, कारण खुर्ची तीच राहते आणि बसणारा बदलतो. आज जो कोणी त्या खुर्चीत असेल, त्याने ऐकून घ्यावे. इतकी वर्षे तुम्ही माझ्यावर चित्रे रंगवत होता. आज मी बोलणार आहे.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. हे बोलणे साहेबांना होते. मी एक जुना पत्रा आहे. नदीकाठच्या रस्त्याने जाताना तुम्हाला पत्र्यांची लांबच लांब भिंत दिसते ना, तिच्यातलाच मी एक. जुन्या धक्क्याच्या पायऱ्या जिथे रस्त्याला येऊन मिळतात, बरोबर तिथे मला ठोकले होते.

माझा जन्म कारखान्यात झाला. लालभडक लोखंड लाटण्यासारख्या फिरणाऱ्या रुळांमधून जात जात पातळ झाले, त्यावर जस्ताचा मुलामा चढला आणि मी तयार झालो. माझ्याबरोबरचे पत्रे शाळांवर गेले, गोदामांवर गेले, गोठ्यांवर गेले. छप्पर होणे हे पत्र्याच्या जन्माचे सार्थक आहे. ऊनपाऊस आपण सोसायचा आणि खालच्याला सुखात ठेवायचे. मलाही तेच हवे होते. पण मला मिळाले आडवे येण्याचे काम.

मला उभे करणारा फिटर याच वस्तीतला. त्याचे खरे नाव कोणी घेत नाही, सगळे त्याला नटबोल्ट म्हणतात. तो माझे बोल्ट आवळत होता तेव्हा त्याची वहिनी कमरेवर हात ठेवून मागे उभी होती. ही वस्तीची होडीवाली मावशी. तिच्या सासऱ्यांनी बांधलेली लाकडी होडी ती चालवत असे. पलीकडच्या काठावर शाळा, दवाखाना आणि बाजार. सकाळी पोरे न्यायची, दुपारी दुखणेकरी आणायचे आणि संध्याकाळी पिशव्या व पोरे परत, असा तिचा दिवस. काम सुरू होणार म्हणून तिला होडी पाण्यातून काढून रस्त्याकडेला आणायला लावली होती.

"वा भाऊजी! घरच्याच माणसानं दार लावून घ्यावं, हे बरंय!" मावशी म्हणाली.

"वहिनी, सहा महिन्यांचं काम आहे. मी नाही लावला तर दुसरा लावेल. आणि दुसरा वाकडा लावेल."

"सहा महिने म्हणजे सहाच ना?"

"ठेकेदार म्हणाला."

"ठेकेदार बोलला म्हणजे झालंच मग," मावशी म्हणाली. तरी ती हसली. तेव्हा तिला खरेच वाटले होते.

मग रंगारी आला. सगळ्या पत्र्यांवर मिळून त्याने एक मोठे चित्र काढले. रुंद पायऱ्या, दिव्यांचे खांब, झाडे, हातात हात घालून फिरणारे आजी-आजोबा. माझ्या वाट्याला पांढरी होडी आली. मित्रांनो, त्या दिवसांत माझे कौतुक काय वर्णावे! माणसे थांबून बघत. नवी लग्ने झालेली जोडपी माझ्याजवळ उभी राहून फोटो काढत. मावशीनेही निरखून पाहिले आणि रंगाऱ्याला विचारले, "का हो, होडीत माणूस कुठंय?"

"जागा नव्हती, मावशी."

"होडीत माणसाला जागा नाही म्हणजे मोठीच होडी असणार," ती म्हणाली आणि गेली.

मला दोन तोंडे आहेत. एक रस्त्याकडे, एक नदीकडे. पण दुतोंडी मी नव्हे. साहेब, रस्त्याकडच्या तोंडावर तुम्ही जे रंगवले, ते नदीकडच्या तोंडाने मी कधी पाहिले नाही. तिकडे एक यंत्र आले. त्याने पायऱ्यांच्या एका अंगाला मोठा खड्डा खणला. मंडप पडला, भाषणे झाली, एक कोरलेला दगड बसवला. यंत्र परत गेले आणि पुन्हा फिरकले नाही. खड्ड्यात पाणी भरले. पाण्यावर शेवाळ आले आणि शेवाळावर डास आले. हा तुमचा नदीकाठ विकास.

पहिल्या साहेबांना पायऱ्या हव्या होत्या. त्यांची बदली झाली. दुसरे म्हणाले, पायऱ्या जुनाट दिसतात, बाग करू. मग बागेचा आराखडा. तेही गेले. तिसरे म्हणाले, आधी नदीची रुंदी नव्याने मोजा. जणू मधल्या काळात नदी माहेरी जाऊन आली होती! मोजणीसाठी सल्लागार नेमायचा, सल्लागार नेमण्यासाठी समिती नेमायची, आणि समितीच्या अध्यक्षांना वेळ नाही. दर नव्या साहेबांबरोबर रंगारी येई आणि जुन्या चित्रावर नवे चित्र चढवी. साऱ्या प्रकल्पात वाढले ते एवढेच, माझ्या अंगावरचे रंगाचे थर.

मित्रांनो, आता होडीचे ऐका, कारण खरा जीव तिचा टांगणीला लागला होता. लाकडी होडी पाण्यात असली की तिच्या फळ्या फुगलेल्या राहतात आणि एकमेकींना घट्ट धरतात. पाण्याबाहेर राहिली की फळ्या आकसतात, फटी पडतात, फटींतली सुताची दोरी आणि डांबर निखळते. एक कडक उन्हाळा तसाच गेला की होडीचे सरपण होते. म्हणून मावशीने युक्ती केली. होडीला दोन्ही बाजूंनी ओंडक्यांचे टेके दिले, तिच्यात बादल्यांनी पाणी ओतले आणि वरून ओले गोणपाट पसरले. पाणी शिळे होऊ देत नसे, रोज बदलत असे. आता ती इस्त्रीच्या दुकानात कामाला जाई, पण आधी होडीचे पाणी, मग काम.

नटबोल्ट जातायेता चिडवी, "वहिनी, नदीतली होडी सगळ्यांनी पाहिली. होडीतली नदी आपल्याकडेच!"

"हसा. तुमच्या भावाला पोहता येत नव्हतं, तरी या होडीनं कधी बुडवलं नाही. तिला मी अशी वाळू देईन होय?"

"अहो, विकून टाका. मोकळ्या व्हा."

"मोकळी व्हायला मी बांधलेली कुठंय? बांधलेली ती आहे. आणि बांधली कोणी? तुम्ही!"

नटबोल्टने बादली उचलली. तेव्हापासून तोही पाणी घालू लागला.

मावशी तुमच्या कचेरीत आली होती, साहेब. आठवते का? तिने फार मागितले नव्हते. "काम कराल तेव्हा करा. तोवर तीन पत्रे काढून होडी जाईल एवढं दार द्या." वस्तीत परतल्यावर तिने ही हकिगत माझ्याशेजारी उभी राहून दिराला सांगितली, म्हणून मला ठाऊक.

"साहेब म्हणाले, आराखड्यात दार नाही. मी म्हटलं, आराखडा कुठंय? तर म्हणाले, तो अजून व्हायचाय."

"म्हणजे जो झालाच नाही, त्यात दार नाही?"

"हो ना. वर मला म्हणतात, बाई, तुम्ही विकासाच्या आड येताय. मी म्हटलं, साहेब, आड तो पत्रा आहे, मी तर पायऱ्यांवरून खाली जाणारी बाई."

मी तेव्हा वाऱ्याने खडखडलो. ती तेवढी खडखड मला लाज वाटल्याची होती. ज्या पायरीने लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या सगळ्या पाण्यापर्यंत जात, तिच्या तोंडावर मी हाताची घडी घालून उभा होतो.

मग उन्हाळा आला. असा कडक की माझ्यावर हात ठेवणाऱ्याला चटका बसे. आणि नेमके तेव्हा आरोग्य खात्याचे निरीक्षक आले. त्यांनी होडीवरचे गोणपाट उचलून पाहिले.

"हे पाणी साचवलंय. डास होतात. रिकामी करा."

"रोज बदलते हो. बघा ना, एक अळी दाखवा."

"साचलेलं ते साचलेलं. सोमवारपर्यंत रिकामी करा, नाहीतर उचलून नेऊ."

"डास पाहिजेत तर पत्र्यामागं खड्डा आहे. तिथं चार पिढ्या नांदताहेत."

"तिकडचं आमच्याकडे येत नाही. ते दुसरं खातं."

मावशीने गोणपाट पुन्हा होडीवर ओढले. मग म्हणाली, "एक खातं होडीला पाण्यात जाऊ देत नाही. दुसरं खातं पाण्याला होडीत राहू देत नाही. मग होडी ठेवू कुठं? डोक्यावर?"

आजूबाजूचे हसले. निरीक्षकसुद्धा हसले. पण हसून आदेश मागे घेतला जात नाही. सोमवारी होडी रिकामी झाली असती तर त्या उन्हात आठवडाभरात उकलली असती.

संध्याकाळी वस्ती जमली. कोणी म्हणाले, अर्ज करू. मावशी म्हणाली, "अर्जानं फळी फुगत नाही." कोणी म्हणाले, मग गुपचूप रात्री पत्रे काढू. त्यावर ती उसळली. "रात्री चोर येतात. आपली पायरी, आपली होडी, तोंड कशाला लपवायचं? रविवारी सकाळी, सगळ्यांच्या देखत."

नटबोल्ट खाली मान घालून बसला होता. "वहिनी, मी अजून त्याच ठेकेदाराकडे आहे. नोकरी जाईल माझी."

"तुम्ही हात लावू नका, भाऊजी. नुसतं सांगा, पाना कोणता लागतो."

"सांगून काय होतंय? बोल्ट गंजलेत. तुम्ही हाणाल हातोडा, पत्रे वाकवाल, खांब पाडाल."

"मग?"

"मग काय मग! मीच काढतो. लावले होते सरळ, निघायलाही सरळच पाहिजेत."

रविवारी सकाळी त्याने बोल्टांवर तेल सोडले, पाना लावला आणि अंगाचा भार टाकला. बोल्ट किंचाळत फिरले. मी आणि माझ्या दोन बाजूंचे दोन पत्रे सुटलो. इतक्या वर्षांनी रस्त्यावर नदीचा वारा आला. एक म्हातारे गृहस्थ नुसतेच म्हणाले, "अरे, इथंच होती की!"

पायऱ्या मात्र उखडल्या होत्या. होडी त्यांवरून नेली असती तर तळ फाटला असता. नटबोल्टने इकडेतिकडे पाहिले आणि माझ्यावर हात मारला. "हा आडवा झोपवा!" पायऱ्यांवर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर आम्हा तिघांना एकापुढे एक पसरले. मावशीने इस्त्रीच्या दुकानातून साबणाचे पाणी आणून आमच्यावर ओतले. होडीतले पाणी उपसले, ओंडके काढले आणि चाळीसेक हातांनी होडी धरली.

"सोडू नका रे! ओढायचं नाही, अडवत अडवत न्यायचं! अहो काका, तुम्ही बाजूला व्हा, तुम्हालाच धरावं लागेल!"

होडी माझ्या पाठीवर आली. मित्रांनो, काय तिचा भार! तिच्या तळाने माझ्यावरचे रंग खरवडून काढले. आधी तिसऱ्या साहेबांची मोजणी निघाली, मग दुसऱ्यांची बाग, मग पहिल्यांच्या पायऱ्या आणि ती माणूस नसलेली पांढरी होडी. मला चरे पडले, पोच आले. पण जन्मात पहिल्यांदा मी कोणाच्या तरी खाली उपयोगाला आलो होतो, आणि ते मला छपरापेक्षा कमी वाटले नाही.

होडी पाण्यात शिरली. एका सांध्यातून झिरपू लागले. मावशी आत बसून डब्याने उपसत राहिली. दुपारपर्यंत फळी फुगली आणि झिरपणे थांबले. तेव्हा मावशीने वल्ही उचलली आणि पलीकडे निघाली.

सोमवारी निरीक्षक आले. "होडी कुठंय?" मावशीने नदीकडे बोट दाखवले. "रिकामी आहे, साहेब. आत एक थेंब नाही." त्यांनी पाहिले, मान हलवली आणि समाधानाचा शेरा मारून ते गेले. त्यांचे काम झाले होते.

तुमचे खाते मात्र मागोमाग आले. नटबोल्टला ठेकेदाराने कामावरून काढले. दीर-भावजयीला नोटीस आली: सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान का केले, याचा सात दिवसांत खुलासा करा. आणि शुक्रवारी त्याच जागी नवे पत्रे लागणार, असे ऐकतो. वस्ती पाळीपाळीने त्या मोकळ्या जागेत खुर्च्या टाकून बसली आहे. नटबोल्टही बसतो, मांडीवर पाना घेऊन. मी अजून पायऱ्यांवर पडून आहे. माझ्यावरून पोरे घसरत होडीकडे जातात आणि मावशी ओरडते, "सावकाश, पत्रा कापेल!"

मित्रांनो, वस्तूची काळजी म्हणजे तिला झाकून ठेवणे नव्हे. होडी पाण्यात जगते, पायरी पावलांखाली जगते आणि नदी माणसांच्या डोळ्यांसमोर जगते. तुमच्या गावातही कुठेतरी माझा एखादा भाऊ उभा असेल. त्याच्यावरचे चित्र बघून पुढे जाऊ नका. त्याच्या मागे काय आहे ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

आता पुन्हा तुमच्याकडे वळतो, साहेब. मावशीने आणि नटबोल्टने आपला खुलासा लिहून दिला आहे: होडी मरत होती, म्हणून पत्रे काढले. एका ओळीत संपला. तुमचा कुठे आहे? काम करणार असाल तर कोणत्या तारखेला सुरू करणार आणि दार कुठे ठेवणार, ते सांगा. करणार नसाल तर इतकी वर्षे ही नदी कोणासाठी बंद ठेवलीत, ते सांगा. सात दिवस तुम्हालाही आहेत. आम्ही इथे धक्क्यावरच बसलो आहोत. उत्तर द्या.