उष्टा नान

...कडेला दातांची खूण, आणि त्या खुणेत सकाळचं ऊन येऊन बसलेलं. खिळ्याला सुतळीने टांगलेला तो नान इतका वाळला होता की टिचकी मारली असती तर लाकडासारखा वाजला असता. सोबिर अंथरुणात पडल्यापडल्या बघत होता. आपलेच दात, विशीतले. घर सोडणाऱ्या पोराने एक घास तोडायचा, उरलेला परतल्यावर संपवायचा – ताश्कंदला निघताना आईने तो तोंडापुढे धरला तेव्हा बाहेर बस भोंगा वाजवत होती, घास धड चावलाही नव्हता.

तसा तो अधूनमधून यायचा. पण दर वेळी "पाहुणा आलोय गं, परतलो नाहीये," म्हणून नानला हात लावायचा नाही, आणि आई चुलीकडे तोंड करून म्हणायची, "मग पाहुण्याने तरी पसारा आवरावा." या खेपेला का आलो, हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. ताश्कंदमध्ये लग्नांचे फोटो काढताकाढता – नवरीची मेंदी, नवऱ्याची वर केलेली हनुवटी, पुन्हा मेंदी – कधीतरी डोळाच मेला होता. फोटो निघत होते, दिसत काहीच नव्हतं. आणि डोळा मेलेल्या फोटोग्राफरने करायचं काय, कांदे विकायचे?

ऊन जरा सरकलं. नानच्या भेगांत अडकलेली वाळू चमकायला लागली – हीच वाळू, कॅमेऱ्याची भिंगं खाणारी, हिच्याच वैतागाने तर पळालो होतो मी... पोटात काहीतरी हललं, भूक लागल्यासारखं. किती दिवसांनी! हा फोटो मला हवाय, कुणी पैसे देणार म्हणून नव्हे, मला हवाय. तो धडपडत उठला, कॅमेरा पिशवीतून अर्धा बाहेर ओढला. खिडकीपाशी नेला तर उजेड तिरपा पडेल...

"आई, तो नान खाली काढू?"

किटलीवरचा तिचा हात थांबला.

"काढ की," ती म्हणाली. "विचारतोस काय लेका, तुझाच आहे."

आवाज ओला होता. तो का ओला, हे सोबिरला कळेपर्यंत तिने धुतलेला रुमाल डोक्याला बांधला होता, जेवणाचा दस्तरखान अंथरला होता आणि कुंपणावरून शेजारणीला हाक घातली होती, "अगं रोबिया, माझा सोबिर परतला!"

"कालच आला ना तो?"

"काल नुसता आला होता गं!"

सांगून टाकावं, नान फक्त फोटोसाठी हवा होता. आत्ताच... पण ती वळली, आणि त्याच तिरप्या उजेडात तिचा चेहरा – असा चेहरा तो आयुष्यभर शोधत होता. बोटं कॅमेऱ्याकडे गेली. आधी फोटो, मग सांगू? म्हणजे फोटो खोट्याचा. आधी सांगितलं, तर चेहराच उरणार नाही. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेतही तो उजेड मोजत होता.

आईने नान खिळ्यावरून काढून त्याच्या हातात दिला. वाटलं होतं त्याहून फारच हलका. तिने चहाचा प्याला पुढे सरकवला. त्याने दातांची ती कड चहात बुडवली. कड मऊ व्हायला लागली.

ऊन दस्तरखानावरून उतरत होतं. जाईल आता. एरवी त्याचा जीव कासावीस झाला असता. पण उद्या सकाळी ते याच खिडकीतून येणार होतं, आणि ते बघायला आपण इथे असू, असं त्याच्या मनाने त्याला न विचारताच गृहीत धरलं होतं. त्याला भीती वाटली. आई घासाची वाट बघत होती.