तीन ठोके
पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात त्या दोघी बहिणी मुद्रितं तपासायला समोरासमोर बसायच्या. धाकटी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, ताईची नजर छापील पानावर. इंग्रजी व्याकरण आलं की धाकटीच्या नाकी नऊ यायचे. वुमन काय नि विमेन काय, तिच्या तोंडून सगळ्या बाया एकच. क्रायटेरियन-क्रायटेरियाला तर ती सरळ शिव्या द्यायची. मग ताईनं युक्ती काढली. पानावर एकवचन असेल तर ती पेन्सिलीनं टेबलावर एक ठोका द्यायची, अनेकवचन असेल तर दोन. तीन ठोके म्हणजे, पुरे झालं, घरी चल.

शेवटच्या दिवशी ताईनं दुपारीच तीन ठोके दिले होते. धाकटीनं कानाडोळा केला. "एवढा धडा संपवू गं," म्हणाली. ताईनं पान पुन्हा पुढे ओढलं. धडा संपला तेव्हा तिचं डोकं टेबलावर टेकलेलं होतं, आणि ते पुन्हा वर आलं नाही.

ही गोष्ट धाकटीनं कुणालाच सांगितली नव्हती. सांगणार तरी कुठल्या तोंडानं?

दोन महिन्यांनी त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती आली. "आज हातावेगळं करा," व्यवस्थापक म्हणाले. धाकटी एकटीच बसली. सवयीनं छापील पानं रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली आणि वाचायला लागली.

"वुमन."

समोरून दोन ठोके आले.

तिनं समोरचं पान आपल्याकडे वळवून पाहिलं, तर अनेकवचनच होतं. पुढच्या शब्दाला एक ठोका, तोही बरोबर. ती भीत भीत वाचत राहिली. भीतीपेक्षा आस मोठी होती. ताई रागावली असेल का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. पण ते विचारायला तिची जीभ रेटेना.

चार पानं उरली असताना ठोके आले. एक. दोन. मग जरा थांबून, अगदी हळू, तिसरा.

धाकटीनं वाक्य अर्ध्यावर सोडलं. प्रत मिटली. स्वतःची पिशवी घेतली, आणि खुंटीवर तशीच लटकत राहिलेली ताईचीही.

"अहो, चारच पानं राहिलीत," व्यवस्थापक म्हणाले.

"राहू देत," ती म्हणाली. "ताईला बरं वाटत नाहीये."

आणि बाहेर पडताना ती दार उघडं धरून थोडा वेळ थांबली.