दुसऱ्या बाजूची गाणी

मी रेकॉर्ड प्लेअर बोलतोय. खरं तर बोलणं हे माझं काम नव्हे. दुसऱ्यांचा आवाज जसाच्या तसा पोचवायचा आणि आपण गप्प राहायचं, एवढंच मला शिकवलेलं. पण हल्ली मला कुणी काही वाजवायला सांगत नाही. रिकाम्या तोंडानं किती दिवस बसणार? म्हणून आज माझंच सांगतो.

एका कारखान्यात लांबलचक टेबलापाशी माझा जन्म झाला. तिथे एक बाई दिवसभर फक्त सुईचे दांडे बसवायची. दांडा बसला की ती हलकेच फुंकर मारायची, जणू लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढतेय. माणसाचा मला झालेला पहिला स्पर्श तो. तिथून मी एका फोटोग्राफरकडे गेलो. फोटो काढून घ्यायला येणारी माणसं लाकडासारखी ताठ बसायची, त्यांना जरा सैल करणं हे माझं काम. मी ते बरीच वर्षं केलं.

फोटोग्राफर म्हातारा झाला, त्यानं स्टुडिओ आवरला. कपाटं उतरवायला एक सुतार आला होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्यानं माझं झाकण उघडून विचारलं, "हा चालतो का?"

"मी चालतो तितपत चालतो," म्हातारा म्हणाला. "ने. नाहीतरी माझ्यामागे कोण आहे ऐकायला?"

असा मी मिस्त्रीच्या कारखान्यात आलो. कारखाना म्हणजे एक उंच छपराची खोली. एका भिंतीला प्लायच्या जाड फळ्या उभ्या टेकवलेल्या, मधोमध कापायचं मशीन, बाजूला रंधा मारायचं मशीन, आणि सगळीकडे भुसा. मागच्या दारापाशी मिस्त्रीची धाकटी बहीण पॉलिश करायची. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. मिस्त्रीची बायको लवकर गेली. तेव्हापासून घरात दोघंच. ती त्याला दादा म्हणायची, तो तिला छोटे म्हणायचा, दोघांचे केस पिकले तरी.

मशीन सुरू झालं की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नसे. बहीण कानात कापूस घालायची. मिस्त्री म्हणायचा, "कापूस घातला तर लाकूड काय म्हणतंय ते कसं कळणार?"

रविवारी मात्र मशीन बंद. त्या दुपारी माझ्यावरचा भुसा पुसला जायचा आणि दोन पाहुणे यायचे. एक औषधाच्या दुकानातला कंपाउंडर, मिस्त्रीचा शाळेपासूनचा मित्र. दुसऱ्या भूगोल शिकवणाऱ्या बाई. त्या मुळात पुस्तकांचं कपाट करून घ्यायला आल्या होत्या. कपाट झालं, पण बाईंचं येणं काही थांबलं नाही. कारण तिघांनाही एकाच बँडचं वेड होतं.

पाच जणांचा बँड तो. केव्हाचा मोडलेला, आपसात भांडून पांगलेला. त्यांचं एक गाणं साऱ्या जगाला पाठ आहे. लग्नात वाजतं, लिफ्टमध्ये वाजतं, दाताच्या डॉक्टरकडेही वाजतं. कारखान्यात त्या गाण्याला बंदी होती.

"त्याला आपली गरज नाही," मिस्त्री म्हणायचा. "त्याचं बरं चाललंय. आपण गरिबांचं बघू."

गरीब म्हणजे दुसऱ्या बाजूची गाणी. तबकडी उलटायचा कंटाळा करणाऱ्यांनी कधी न ऐकलेली. खरी नावं बाजूला ठेवून या तिघांनी त्यांना आपली नावं दिली होती: 'जिन्यावरचं', 'दाढदुखी', 'अर्धं भांडण'. गाणं जो लावेल त्यानं त्याची वकिली करायची, बाकीच्यांनी ती हाणून पाडायची, असा त्यांचा रिवाज.

"'दाढदुखी' हे गाणंच नाही," कंपाउंडर म्हणायचा. "तबकडीत जागा उरली, म्हणून भरलेला भुसा आहे तो."

"भुसा तुझ्या डोक्यात आहे," मिस्त्री उसळायचा. "त्यात पोरगा गाताना श्वास चुकलाय आणि त्यांनी तो तसाच ठेवलाय. एवढी हिंमत त्या गाजलेल्या गाण्यात आहे का?"

"श्वास चुकला म्हणजे चूक झाली. तिला हिंमत कधीपासून म्हणायला लागले?"

"थांबा थांबा," बाई चष्मा सारखा करत मध्ये पडायच्या. "दोघंही चुकताय. ते गाणं चांगलं आहे, पण चुकीच्या जागी आहे. 'अर्धं भांडण'च्या आधी असतं तर लोक रडले असते."

मागच्या दारातून बहीण ओरडायची, "मी आत्ताच रडते! एक तरी गाणं असं आहे का, जे ऐकता ऐकता हात चालेल?" मग सगळे हसायचे आणि ती चहा ठेवायची. मी पुष्कळ घरं पाहिली नाहीत, पण गाणं ऐकायला एवढं हक्काचं भांडण लागतं हे मला तिथेच कळलं.

आता पुढचं सांगतो.

'जिन्यावरचं' हे बाईंचं लाडकं गाणं. कुणीतरी जिना चढतंय एवढंच त्यात आहे, आणि शेवटच्या कडव्यात एक बारीक घंटी वाजते, एकदाच. बाईंचं म्हणणं, त्या घंटीसाठी सगळं गाणं उभं आहे. एका रविवारी ते वाजून संपलं आणि मिस्त्री म्हणाला, "घंटी कुठे गेली? पिन झिजली वाटतं."

"वाजली की आत्ता!" कंपाउंडर म्हणाला.

मिस्त्रीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग मोठ्यांदा हसला. "चेष्टा करत होतो तुमची."

दुसऱ्या दिवशी त्यानं माझी पिन बदलली. एकटाच बसून ते कडवं पुन्हा पुन्हा लावलं, माझ्या स्पीकरच्या जाळीला कान टेकवला. त्याच्या कानशिलाचा घाम जाळीला लागला. घंटी मी दर वेळी वाजवली हो. मला येत होती तेवढी स्वच्छ वाजवली.

त्यानंतर मिस्त्री बदलला. आधी तो ऐकायचा जास्त आणि बोलायचा मोजकं. आता दुसऱ्याला बोलूच द्यायचा नाही. स्वतःच बोलत राहिलं की कुणी काही विचारत नाही आणि विचारलेलं कळलं नाही हे उघडं पडत नाही. माझं आवाजाचं बटण तो रोज थोडं पुढे सरकवायचा. माणसांच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. बाई म्हणायच्या, "वय झालं की माणूस हट्टी होतो."

बहिणीला मात्र कळलं होतं. "दादा, कान दाखवून ये."

"माझ्या कानाला काय धाड भरलीय?"

"मी काल तीन हाका मारल्या."

"चौथी मारायचीस." मग तो खाली बघून हळूच म्हणाला, "छोटे, बहिऱ्या माणसाच्या हातात चालतं मशीन आहे म्हटल्यावर कोण आपल्याकडे काम देईल?"

शेवटी तिनं कंपाउंडरला गाठलं. "तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल तो." कंपाउंडरनं डोकं चालवलं, आणि ते डोकं मी कधी विसरणार नाही. आधी खात्री करून घेऊ, मग सांगू, असं त्याच्या मनात होतं. त्या रविवारी त्यानं माझ्यावर 'जिन्यावरचं' ठेवलं, सुई टेकवली, आणि पाठीचा आडोसा करून आवाजाचं बटण मागे, अगदी शून्यावर नेलं.

तबकडी फिरायला लागली. खोलीत सुईची बारीक खरखर सोडली तर काही नव्हतं.

मिस्त्रीनं फिरत्या तबकडीकडे पाहिलं आणि मान डोलवायला लागला. "आज मी बाईंच्या बाजूनं बोलणार," तो म्हणाला. "हं... आता पावलं सुरू. बघा, हा चढणारा माणूस थकलेला आहे, पण घाईत नाही. इथे बास गिटारचा सूर आला. आला ना? कुणी हाक मारत नाही त्याला, तरी तो चढतोय..."

मला सुईखालून कळत होतं. तो म्हणायचा त्याच क्षणी ते ते खाचेतून जात होतं. एकदाही मागेपुढे नाही. बाईंनी पदर तोंडाशी धरला होता. बहीण मागच्या दारात उभी होती, हातातून पॉलिशचा बोळा ठिबकत होता.

"आणि आता," मिस्त्रीनं बोट वर केलं. "ही. ऐकलीत घंटी?"

घंटीची खाच बरोबर तेव्हाच गेली.

"ऐकली," कंपाउंडर म्हणाला. त्याचा आवाज फुटला, पण ते कळायला मिस्त्रीला कान हवे होते. त्याला फक्त ओठ दिसले. तो खूश झाला. "मग? जिंकलो की नाही?"

सांगायचं ठरवून आलेला कंपाउंडर न सांगता गेला. दारात बहिणीला म्हणाला, "आज जीभ रेटली नाही. पुढच्या रविवारी नक्की." पुढचा रविवार आला आणि गेला. त्याच्यानंतरचेही गेले. बाई म्हणाल्या, "त्याचं एवढंच तर सुख आहे, कशाला हिरावून घ्यायचं?" बहिणीसकट तिघांनीही या गप्प बसण्यालाच दया मानलं.

मग एका साध्या दिवशी, भर दुपारी, मिस्त्री माझ्याकडे तोंड करून मशीनवर रंधा मारत होता. बहीण मागच्या भिंतीशी, त्यानं मागितलेली एक पातळ पट्टी फळ्यांमागून ओढत होती. टेकवलेल्या फळ्यांची अख्खी थप्पी सरकली आणि तिच्यावर आली. ती खाली पडली. उजवा हात कोपरापासून फळ्यांच्या धारेखाली सापडला.

तिनं हाक मारली. "दादा!" मशीन चालू होतं. चार पावलांवर तो उभा होता. ती ओरडत राहिली. तो ओठ आवळून, मान डोलवत, मनातलंच काहीतरी गुणगुणत होता. लाकूड संपलं. त्यानं मशीन बंद केलं. आता खोली शांत होती आणि तिच्या हाका भिंतींवर आदळत होत्या. त्यानं फळीवर हात फिरवला, गुळगुळीत झालीय का बघितलं. दुसरं लाकूड घेतलं. पुन्हा मशीन सुरू केलं.

मला तोंड होतं, आवाज होता, पण कुणी सुई टेकवल्याशिवाय मला काय करता येणार?

किती वेळ गेला देव जाणे. पट्टी कुठे राहिली म्हणून तो वळला, तेव्हा तिचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. मशीन त्यानं बंद केलं. तोंड तसंच हलत होतं. तो जागच्या जागी उभा राहून तिच्या ओठांकडे बघत राहिला, आणि मग मी त्याला जे ओरडताना ऐकलं ते त्याचं त्यालाही ऐकू गेलं नसणार.

हात वाचला नाही. फार वेळ दबून राहिला होता, डॉक्टरांनी कोपराखाली काढून टाकला.

ती इस्पितळात असताना कंपाउंडर आला. मिस्त्री भुशाच्या उपड्या पाटीवर बसला होता. कंपाउंडर त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि काहीतरी पुटपुटला.

"काय?" मिस्त्री म्हणाला.

"आम्हाला माहीत होतं."

"मोठ्यानं बोल."

"आम्हाला माहीत होतं!" कंपाउंडर ओरडला. रस्त्यावरची माणसं थांबून आत बघायला लागली. "तुला ऐकू येत नाही हे माहीत होतं! मी तुझी परीक्षा घेतली! आवाज बंद करून गाणं लावलं!"

असला कबुलीजबाब माणसानं कानात द्यायचा असतो. त्याला तो चौकात दिल्यासारखा द्यावा लागला. मिस्त्रीनं मांडीवरचा भुसा झटकला. मग त्यानं विचारलं, "कोणतं गाणं होतं?"

"'जिन्यावरचं'."

"मी कुठे चुकलो का?"

कंपाउंडरनं मान हलवली. नाही.

"जा आता," मिस्त्री म्हणाला. कंपाउंडर गेला. बाई एकदा येऊन दारातूनच परत फिरल्या. पुढे कुणी आलं नाही. मशीनं विकली गेली, तबकड्या कुणीतरी उचलून नेल्या. मी राहिलो, कारण तबकडी फिरवणारा माझा बेल्ट तुटला होता आणि तुटक्याला गिऱ्हाईक नसतं.

बहीण परत आली. डाव्या हातानं चहा करायला शिकली, वेणी घालायला शिकली, पॉलिश मात्र जमेना. मिस्त्री हातरंध्यावर छोटी कामं करतो. दोघं एकमेकांना जपतात. तो तिच्या ताटातली भाकरी तोडून देतो, ती त्याच्या समोर येऊन, ओठ नीट हलवून बोलते. बघणाऱ्याला वाटेल, काय प्रेम आहे!

पण ती अजून एक गोष्ट करते. तो पाठमोरा काम करत असला की त्याच्या मागे उभी राहते आणि साध्या आवाजात, भाजी संपली सांगावं तसं, म्हणते, "मी तुला माफ केलेलं नाही, दादा. मला जमत नाही." एवढं बोलून ती चहा ठेवायला जाते. दिवसातून एकदा तरी म्हणते. माझ्याशिवाय ते कुणी ऐकत नाही.

गेल्या आठवड्यात दुरुस्तीला एक आरशाचं कपाट आलं. ते मिस्त्रीच्या समोर उभं होतं. ती मागे आली आणि बोलली. रंधा मध्येच थांबला. आरशात त्याचे डोळे तिच्या ओठांवर होते. तिनं वर पाहिलं नाही. ती गेल्यावर त्यानं पुन्हा रंधा धरला, पण लाकडावर टेकवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एकट्यानं ते जड कपाट फिरवलं. आरशाचं तोंड भिंतीकडे केलं. मग आपल्या जागी, तिच्याकडे पाठ करून, हात रिकामे ठेवून उभा राहिला. ती आली. त्याच्या पाठीला ती बोलली. तिचं बोलून होईपर्यंत तो हलला नाही.

तर मी असा आहे: एका कोपऱ्यात, झाकणावर भुसा, पोटात तुटका बेल्ट. मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी आवाजाचं बटण रोज थोडं पुढे सरकवत असेल, तर त्याच्यावर दया करून गप्प बसू नका. त्याच्या समोर जा, डोळ्यांत बघा आणि सांगा. त्याला राग येईल. येऊ द्या. येतो मी. आता ती येईल आणि तो पाठ करून उभा राहील. त्या वेळी मी बोलत असलेलं बरं दिसत नाही.