डाव्या पंखाची तिसरी ओळ

कृष्णातने पंखाचा तुकडा प्लॅस्टिकच्या काडीपासून मोडून घेतला आणि सवयीने त्याच्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला खसखशीसारखं काहीतरी टोचलं, तशी त्याच्या कपाळाला आठी पडली.

"साहेब, ह्यो माल रिजेक्ट," तो म्हणाला. "सगळी रिव्हेटं वर हायत."

समोर वेताच्या खुर्चीत काळा चष्मा लावून बसलेले शेषगिरी कुलकर्णी हसले.

"अरे, खेळण्यातलं विमान ते. रिव्हेट दिसावेत म्हणून मुद्दाम उठवलेले असतात."

"दिसावं म्हणून?" कृष्णातला हे काही पटेना. एकतीस वर्षं त्याने लढाऊ विमानांच्या पत्र्यांवर रिव्हेट ठोकले होते. रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या बरोबरीत बसलं पाहिजे, केसभरही वर राहता कामा नये. राहिलं की वारा अडतो आणि माल परत येतो. दिसला तो रिव्हेट वाया गेला, हे ज्याच्या हाडीमासी खिळलेलं, त्याला असल्या हौसेचं कौतुक कुठून असणार?

"मी घासून काढणार," त्याने जाहीर केलं.

"काढ. तुझ्या हाताचं होऊ दे."

कृष्णातची बायको ठकुबाई बाहेर आली आणि स्टुलावर पाण्याचा तांब्या आदळून आत गेली. चहाचं नाव नाही. तिचं तरी काय चुकलं? ज्या माणसाच्या नावाने तिने तेवीस वर्षं बोटं मोडली, तो आज खोकं घेऊन थेट तिच्या ओसरीवर येऊन बसला होता.

गंमत अशी की दोघांची घरं धावपट्टीला लागून असलेल्या मारतहळ्ळीच्या एकाच गल्लीत, समोरासमोर. विमान कारखान्यातल्या कामगारांच्या सोसायटीने चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या, तेव्हा निपाणीकडच्या या रिव्हेटवाल्याच्या नशिबी धारवाडच्या या माल तपासणाऱ्या इन्स्पेक्टरचं फाटक आलं. तेव्हापासून दोघं समोरासमोर आले की विजेच्या खांबाकडे बघत पुढे जायचे. त्या खांबाकडे गल्लीत दुसऱ्या कुणी इतक्या आदराने बघितलं नसेल.

आणि आज शेषगिरी काठी टेकत, पाऊल चाचपत रस्ता ओलांडून आले होते. खोक्यात एका छोट्या नॅट विमानाचे सुटे भाग होते. दोघांनी ज्याच्यावर उमेदीची वर्षं घालवली तेच लढाऊ विमान, जोडलं की तळहातावर मावेल एवढं.

"शाल्मलीने लंडनहून पाठवलंय," ते म्हणाले. "लेकीला वाटलं, अप्पा रिकामे बसलेत, जोडत बसतील. डोळ्यांचं तिला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्यात येतेय ती. तोवर जोडलेलं दिसायला हवं. नॅटवर हात फिरलेला माणूस गल्लीत तूच एक."

"जोडतो की."

शेषगिरी थोडा वेळ काठीची मूठ चोळत राहिले. मग खाली बघून, जरा हळू आवाजात बोलायला लागले.

"कृष्णात, आणखी एक बोलायचं होतं. काचबिंदू आहे म्हणतात. हळूहळू येतो, माणसाला कळतसुद्धा नाही. किती वर्षांपासून असेल, विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, आता कसं सांगणार? तेव्हापासून मी मागे मागे जातोय. बहात्तर सालापर्यंत गेलो. तुझा तो पंख. मी त्याला हात लावला नव्हता रे. नुसती बॅटरी तिरकी धरून सावली बघितली होती. आता वाटतं, माझ्या डोळ्यांतच खोट असेल. तुझी ओळ बरोबर असेल. आणि ती जर मी चुकीची बघितली, तर बाकी मारलेल्या शिक्क्यांचं काय? तीस वर्षांचे शिक्के. झोप येत नाही मला. तुझं नुकसान केलं मी. माफ कर."

रिव्हेटच्या बंदुकीने कृष्णातचा डावा कान पार नेला होता आणि उजवा अर्धा. पण त्या वेळी आकाशात विमान नव्हतं, गल्ली दुपारची पेंगत होती, आणि उजव्या कानात शब्द न् शब्द शिरला. त्याने पंख खाली ठेवला. कानामागे हात धरला.

"काय म्हणालासा?"

शेषगिरींनी मान हलवली. एवढं बोलणं दुसऱ्यांदा जमवायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

"काही नाही. स्वल्प हळू बोललो मी. सरी, बरं, येतो."

ते काठीने पायरी शोधत उतरले. कृष्णात त्यांना हात द्यायला उठलासुद्धा नाही. 

कारण ती ओळ वर होती. डाव्या पंखाची, पुढच्या कडेपासून तिसरी. हे जगात एकट्या कृष्णातला ठाऊक होतं.

त्या वर्षी चार्जहँडची, म्हणजे मुकादमाची, जागा रिकामी होणार होती आणि कृष्णातने फुशारकीने सगळ्या शॉपसमोर सांगून टाकलं होतं, की हा पंख मी दोन दिवस आधी पुरा करून दाखवतो. शेवटच्या दुपारी हात घाईला आला. भोकांची तोंडं हवी तेवढी खोल झाली नाहीत, उथळ राहिली, आणि रिव्हेटची डोकी केसभर वर बसली. अंगठा फिरवताक्षणी त्याला ते कळलं. वाटलं, चालून जाईल. शेषगिरी आले, बॅटरी तिरकी धरली, आणि पंखावर लाल खडूने फुली मारून निघून गेले.

संध्याकाळी गेटवर कृष्णात ओरडला. "साहेबांनी हातसुद्धा लावला न्हाई! बॅटरी दाखवून माझ्या पोटावर पाय दिला!" हात लावला नव्हता, हे अगदी खरं होतं. त्या एका खऱ्याच्या आधाराने बाकीचं खोटं ताठ उभं राहिलं. दुसऱ्या पाळीने ती ओळ काढून नवी मारली, त्यामुळे बघायलाही काही उरलं नाही. चार्जहँडची जागा हुकली खरी. पण पुढच्या निवडणुकीत कामगारांनी कृष्णातला युनियनमध्ये निवडून दिलं. आणि शेषगिरी चहाच्या सुट्टीत बाकावर येऊन बसले की सगळे आपापले ग्लास उचलून उठायला लागले. मग ते खिडकीशी उभं राहून एकटे चहा प्यायला लागले. निवृत्तीच्या दिवसापर्यंत.

कृष्णात वाईट माणूस नव्हता. दोन-तीनदा त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण एक वर्ष गेलं, मग पाच गेली, आणि खोटं घरातल्या जुन्या कपाटासारखं झालं. तिथेच असतं, कुणी हलवायचं म्हणत नाही.

त्याने काम सुरू केलं. ओसरीवर वर्तमानपत्र पसरून, वाटीत पाणी घेऊन, बारीक पॉलिशपेपरने तो रिव्हेट घासायला बसला. आधी पोट, मग शेपटी, मग उजवा पंख. घासायचं, पुसायचं, अंगठा फिरवायचा.

"घासा, घासा," ठकुबाई दारातून म्हणायची. "ज्यानं तुमची खुर्ची घालवली त्याची खेळणी घासून द्या. मी असते तर खोकं रस्त्यावर फेकलं असतं."

"त्येंचं डोळं गेल्यात."

"डोळं गेलं? तेव्हा तरी कुठं दिसत होतं त्यास्नी!"

कृष्णातचा हात थांबला.  हेच, अगदी हेच, समोरच्या घरात तो म्हातारा स्वतःला म्हणत असणार, दिवसरात्र.

डावा पंख शेवटी राहिला. पहिली ओळ घासली, दुसरी घासली. तिसऱ्या ओळीवर कागद टेकवला आणि उचलला. पुन्हा टेकवला. मग पंख वर्तमानपत्राखाली सरकवून तो चपला घालून फिरायला गेला. दोन दिवस पंख तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी धावपट्टीवरून एक जेट उठलं, खिडक्यांची तावदानं थरथरली, आणि कृष्णातने मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं. तेवढा एक आवाज त्याला अजून पुरता ऐकू यायचा. मग त्याने पंख बाहेर काढला, चौथ्या ओळीपासून पुढचं सगळं घासलं आणि तिसरी ओळ होती तशी ठेवून पंख विमानाला चिकटवून टाकला.

दुपारी तो स्वतः रस्ता ओलांडून गेला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने समोरच्या फाटकाची कडी वाजवली.

"साहेब, जोडून झालंय. रंगाच्या आधी तपासणी करून घ्या."

काळ्या चष्म्याच्या वर शेषगिरींच्या भुवया चढल्या. तपासणी झाल्याशिवाय रंग नाही, हा शॉपचा नियम. पण शॉप सोडून तीन वर्षांवर झाली होती, शिक्का कधीच जमा करून टाकला होता.

"मी काय तपासणार आता?"

"अंगठ्यानं बघा."

चारच्या ठोक्याला ते आले. पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्या पेनकडे बघत कृष्णात उठून उभा राहिला. त्याने त्यांना खुर्चीत बसवलं आणि विमान त्यांच्या ओंजळीत ठेवलं. ठकुबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली. आंधळा माणूस खेळणं तपासतो म्हणजे काय करतो, हे तिलाही बघायचं होतं.

शेषगिरींनी नाकापासून सुरुवात केली. अंगठा पोटाखालून गेला, शेपटीवर चढला, उतरला. उजवा पंख दोनदा बघितला.

"काचेसारखं केलंयस," ते पुटपुटले. "शिवणसुद्धा लागत नाही."

मग डावा पंख. पहिली ओळ. दुसरी. अंगठा पुढे सरकला आणि थांबला. मागे आला, पुन्हा गेला, पुन्हा तिथेच थांबला.

"कृष्णात, ही ओळ वर आहे."

"होय साहेब."

"बाकी सगळं घासलंस. ही राहिली?"

"राहिली न्हाई. ठेवली."

शेषगिरींनी चेहरा आवाजाच्या दिशेला वळवला. कृष्णातला नेहमीच मोठ्याने बोलायची सवय होती, ऐकू न येणाऱ्या माणसांना असते तशी. आताही आवाज बारीक करणं त्याला जमलं नाही, आणि त्याने तसा प्रयत्नही केला नाही.

"बहात्तरला बी ती वरच होती. भोकं मी उथळ पाडली होती, घाईत. मला तवाच कळलं होतं. तुमचं डोळं चांगलं होतं साहेब. खोटं मी बोललो. त्या दिशी तुम्ही बोललासा ते बी सगळं ऐकू आलं होतं मला."

दारात तांब्यातलं पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं. ठकुबाईने ते पुसलं नाही.

 शेषगिरींचा अंगठा त्या ओळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, सावकाश, एकेका ठिपक्यावर थांबत. मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, चष्मा परत लावला.

"तेवीस वर्षं," ते म्हणाले. "निवृत्त होईपर्यंत खिडकीपाशी उभं राहून चहा प्यालोय मी, कृष्णात."

कृष्णातने मान खाली घातली. 

शेषगिरींनी विमान चाचपत स्टुलावर ठेवलं. उठले. काठी शोधायला हात हवेत फिरवला, तेव्हा ती त्यांच्या हातात ठकुबाईने दिली. मग नवऱ्याकडे न बघता ती त्यांच्या शेजारी पायरी उतरली आणि त्यांच्या कोपराला धरून म्हणाली, "हळू, अण्णा. खाली गटाराची फरशी फुटलीया."

कृष्णात ओसरीवर एकटाच उभा राहिला. दोघं रस्त्यावर गेली. समोरच्या फाटकाशी ठकुबाई काहीतरी म्हणाली, ते त्याला ऐकू आलं नाही. शेषगिरींनी मान हलवली. त्याला वाटलं, संपलं. आता ते आत जातील, फाटक लावतील, आणि उद्यापासून पुन्हा तो विजेचा खांब.

पण शेषगिरी फाटकात हात ठेवून वळले. साठी कधीच ओलांडलेला तो हळुवार आवाजाचा माणूस छाती भरून, गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल असा ओरडला.

"कृष्णात! तो पंख रिजेक्ट!"

दोन घरं सोडून कुणीतरी गच्चीवरून डोकावलं.

"ती ओळ घासून ठेव! उद्या चारला परत बघायला येतो! आणि चहा घेणार आहे! बसून!" त्यांनी हातातली काठी उंचावली. "ऐकू आलं का?"

कृष्णातचा हात सवयीने कानामागे जायला निघाला होता. तो त्याने खाली घेतला.

"आलं, साहेब!" तो ओरडला. "ऐकू आलं!"